चौथा शब्द

नाग नदी त्या रात्री घरात शिरली
तेव्हा सगळ्यात आधी गेला पत्र्याचा डबा.
त्यात रेशनकार्डावरची गीरजा,
शाळेच्या दाखल्यावरची गिरिजा,
पासबुकातली गिरजाबाई हेडाऊ,
आणि मतदारयादीत बावीस वर्षं पुरुष म्हणून नोंदलेली
जी. एस. धकाते.
चौघी एकाच पाण्यात गेल्या.

"तसंही चौघींचं एकमेकींशी कधी जमलं नाई,"
सतरंजीपुरा झोनच्या खिडकी क्रमांक चारवर
गिरजाबाई मला म्हणाली.
"शंभराच्या स्टॅम्पावर मीच सांगू राह्यली दरसाली
का ह्या साऱ्या मीच हाय."

मी खिडकीच्या आतला. एकोणीस वर्षं
माझं काम एकच वाक्य बोलायचं: सर्व्हर डाऊन आहे.
म्हणजे दूर कुठेतरी, थंड खोलीत,
एक मोठं रजिस्टर झोपलंय. ते जागं झालं
की तुम्ही आहात. तोवर बसा.
आपल्या गावात शून्य मैलाचा खांब,
इथून सगळी अंतरं मोजायची, असं शाळेत शिकलो,
आणि समोर उभं असलेलं माणूस कोण
हे मात्र दुसऱ्याच गावाला विचारायचं.

आता नवं आलंय. प्रयोग म्हणून, आमच्याच झोनला.
ज्यानं जे पाहिलं, त्यानं तेवढ्यालाच सही द्यायची.
मेयोनं जन्म पाहिला. शाळेनं चौथी पास पाहिली.
गंगाबाई घाटानं नवरा पाहिला, शेवटचा.
साऱ्या सह्या तिच्याच फोनमध्ये,
नातवाचा जुना, काच तडकलेला.
ऱ्हस्व-दीर्घांची भांडणं आता कुणी लावायची नाहीत.
मी फक्त सही खरी की खोटी बघतो.
दूर विचारत नाही. दूर कळतही नाही
की गिरजाबाई आज माझ्याकडे आली होती.

पेन्शनसाठी पडद्यानं एकच विचारलं:
वय पासष्टच्या वर?
तिनं अंगठा दाबला. हिरवा ठिपका.
जन्मतारीख नाही, जात नाही, नवऱ्याचं नाव नाही.

ती उठेना.
"इतकंच?"
इतकंच.
"बाकीचं नाई पायजे तुमाले?"
नको, बाई. विचारायची परवानगीच नाही.
जरा हिरमुसली, खोटं कशाला सांगू.
मग खुर्ची पुढे ओढली,
आणि मागे अकरा माणसं ताटकळत असताना
न विचारलेलं सगळं सांगत बसली:
रात्री मागावरचा धोटा थांबला की जाग यायची;
शेवटचं लुगडं विकलंच नाही;
नवऱ्याचं नाव, उखाण्याशिवाय, सरळ, दोनदा.
इतकी वर्षं ते नाव फॉर्म भरून घेत होते.
आज तिनं ते दिलं.

निघताना अडचण आली.
फोन हरवला तर परत उघडायला बारा शब्द असतात,
साधे, मराठी, एकमेकांशी काही नातं नसलेले.
कागदावर लिहून ठेवा, म्हटलं.
"कागदावर?" म्हणाली, आणि नदीच्या दिशेनं पाहिलं.
मग तिथंच, डोळे मिटून, पाठ करायला लागली,
ताण्याचे धागे मोजावेत तशी
बोटांच्या पेरांवर.
कुणालाच सांगू नका, मलासुद्धा नाही!
मी पंख्याच्या आवाजावरून ओरडलो,
मान फिरवली, शिक्के आवरले,
तरी एक आत आलाच. चौथा.

नियमाप्रमाणे मी तो विसरायला हवा.
पण घरातला शब्द आहे, बाजारातला आहे.
कमाल चौकात भाजीवाला तोच ओरडतो,
पाव किलो, अर्धा किलो,
आणि मी पिशवी घेऊन पुढे सरकतो.
बायको म्हणते, काहून नाई घेतलं?
काय सांगू.

बाकीचे अकरा नसताना एकाचा काही उपयोग नाही,
हे मला ठाऊक आहे.
तरी एकोणीस वर्षांत ह्या खिडकीतून
कुणाचं एवढंसंही
माझ्याकडे राहिलं नव्हतं
जे मी कुठंच नोंदवलं नाही.